काजळाला यमक

“मावशी, काजळला यमक सांग ना. वादळ सोडून. वादळ झालंय वापरून.”

भाची आठवीत आहे. शाळेच्या हस्तलिखितासाठी कविता लिहिता लिहिता दुसऱ्या कडव्यापाशी अडली होती. फोन कानाशी धरून मी तोंडाला येतील ते शब्द सांगत गेले. कातळ, पिंपळ, दरवळ, ओंजळ, मृगजळ. पलीकडून प्रत्येकाला एक ‘अंहं’. कातळ फार टणक, पिंपळाचा डोळ्यांशी काही संबंध नाही, मृगजळ वर्गातल्या तिघांनी घेतलंय. शेवटी “राहू दे, मीच बघते” म्हणून तिनं फोन ठेवून दिला.

मला मात्र तो शब्द सोडेना. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून जी पेन्सिल मी डोळ्यांत फिरवते, तिच्या नावाकडे इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलंच नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या यमकं जुळवत राहिले. नुसत्या ‘ळ’वर संपणारे शब्द मराठीत पोत्यानं सापडतात. तेवढ्यानं यमक चालतं, पण कानाचं समाधान होत नाही. ‘जळ’पर्यंत जुळलं की गोडी वाढते: ओंजळ, प्रांजळ, मृगजळ. आणि ‘आजळ’ असं आख्खं जुळायला हवं असा हट्ट धरला, तर माझा शोध एकाच शब्दापाशी येऊन थांबला. पाजळ. दिवा पाजळणे, त्यातला पाजळ.

त्याच्या मागोमाग उजळ आला, आणि मी उठून दिवा लावला.

काजळ, पाजळ, उजळ. हे तीन शब्द कागदावर शेजारी शेजारी लिहिले तेव्हा दिसलं की तिन्ही एकाच गिरणीतून दळून आलेत. संस्कृतात कज्जल आहे, उज्ज्वल आहे, प्रज्वलित होणं आहे. प्राकृतात ही जोडाक्षरं बोलून बोलून गुळगुळीत झाली आणि मराठीत येईपर्यंत जोडाक्षर सुटून एकच ज उरला. सुटलेल्या अक्षराचं वजन बहुतेक वेळा आधीच्या स्वरावर पडतं आणि तो लांबतो. हस्तचा हात झाला, सप्तचं सात झालं, कर्मचं काम झालं, अद्यचं आज झालं, तसंच कज्जलचं काजळ. शेवटचा ल आपल्याकडे ळ झाला, कारण संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ होतो. फल म्हणजे फळ, कमल म्हणजे कमळ, काल म्हणजे काळ. जिथे मुळात दोन ल होते तिथे मात्र तो तगला. फुल्लचं फूल झालं, गल्लचा गाल झाला. फळाला ळ आणि फुलाला ल का, असं लहानपणी मी बाईंना विचारलं होतं. “तसंच म्हणतात” असं उत्तर मिळालं होतं. खरं उत्तर एवढं साधं आणि इतकं सुंदर आहे हे मला चाळिशीत कळलं, याची मनापासून हळहळ वाटते. आठवीतल्या मुलीला हे सहज समजेल.

ज चंही तसंच. कज्जल म्हणताना जीभ टाळूला लागते, जीवातल्या ज सारखी. काजळ म्हणताना ती पुढे सरकून दातांमागे येते, जहाजातल्या ज सारखी. उज्ज्वल आणि उजळ यांच्यातही हाच फरक. म्हणून काजळ आणि उजळ यांचं यमक कानाला पक्कं लागतं. कज्जल आणि उजळ असं कुणी जुळवलं तर कानाला खटकेल.

पण यमक म्हणजे नुसता आवाज आवाजाला मिळणं, एवढ्यावर माझं मन भागत नाही. अर्थानं टोकाचे दोन शब्द एका नादात का यावेत? उजळ म्हणजे प्रकाशाचा, काजळ म्हणजे काळ्याचा. इथे मला आजीची ताटली आठवली.

आजी वर्षातून एकदोनदा काजळ धरायची. ‘काजळ धरणे’ हे तिचे शब्द. धरायचं म्हणजे निसटून चाललेलं अडवायचं. दोन विटा, मध्ये पणती, पणतीत एरंडेल आणि जाडसर कापसाची वात. विटांवर पितळेची ताटली पालथी ठेवायची, ज्योतीचं टोक तिला जेमतेम शिवेल इतक्या उंचीवर. पणती रात्रभर जळायची. सकाळी आजी ताटली दोन्ही हातांनी अशी उचलायची, जणू तिच्यात काठोकाठ पाणी भरलंय. उलटी केली की मध्यभागी काळं वर्तुळ. चकाकणारं काळं नव्हे. मखमलीसारखं, उजेड गिळून टाकणारं. कडेला ते विरळ होत तपकिरी व्हायचं आणि मग पितळ सुरू व्हायचं. जवळ तोंड नेऊन श्वास सोडला तरी त्याची पापुद्र्यासारखी कणी उडायची, म्हणून आम्हा मुलांना दोन हात लांब उभं करायचे. आजी जुन्या पोस्टकार्डाच्या कडेनं ते हळूहळू खरवडायची. एवढी रात्रभर जळलेली पणती, आणि हाती यायचं नखभर. त्यात एरंडेलाचा एक थेंब घालून बोटानं घोटत राहायची. घोटताना भुकटीचा मऊ भुरभुरीतपणा जाऊन ती एकदम ओलसर, चकचकीत व्हायची. तो बदलाचा क्षण मला बघायला फार आवडायचा. मग ते सगळं पितळी डबीत.

पणतीच्या ज्योतीत काय होतं ते मी पुढे शाळेत शिकले, पण त्याचा काजळाशी मेळ घातला नव्हता. वातीवर चढलेलं तेल उष्णतेनं वाफ होतं, ती वाफ ज्योतीच्या पोटात तुटते आणि तिच्यातून कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते कण तापून लाल-पिवळे होतात आणि झळकतात. ज्योत पिवळी दिसते ती या कणांमुळे. हेच कण आणखी वर, ज्योतीच्या कडेला गेले की त्यांना पुरेशी हवा मिळते आणि ते जळून दिसेनासे होतात. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर जी व्याख्यानं दिली, त्यांत हेच उलगडून दाखवलं होतं: ज्योतीचा लख्ख उजेड तिच्यातल्या घन कणांमुळे असतो आणि तोच कण थंड झाला की काजळी.

म्हणजे आजीची ताटली अडवत होती ती ज्योतीतली घाण नव्हे. क्षणापूर्वी ज्या कणांनी खोली उजळली होती, तेच कण पितळेला लागून गार पडत होते. उजळ आणि काजळ यांच्यात अंतर आहे ते फक्त तापमानाचं. दिवा पाजळला, कण उजळला, ताटलीला लागला, काजळ झाला. हे तिन्ही शब्द एका दिव्याच्या बोटभर उंचीत सामावतात. असं यमक कवीला ठरवून साधत नाही.

एक जुनं संस्कृत सुभाषित आहे, चाणक्याच्या नावावर सांगितलं जातं: दिवा अंधार खातो म्हणून काजळ प्रसवतो, जसं अन्न तशी संतती. ते मला पाठ होतं आणि आवडतही होतं, कल्पना आहेच तशी देखणी. पण दिव्यावर अन्याय करणारी आहे. काजळ ही अंधाराची संतती नाही. आता मला ते उलटं म्हणावंसं वाटतं, आणि तसं म्हणताना दिव्याची बाजू घेतल्याचं समाधान मिळतं.

शब्दाच्या पोटात आणखी एक गंमत आहे, ती ‘जळ’ची. मराठी कानाला काजळात जळणं ऐकू येतं. जळून उरतं ते काजळ, इतकं ते उघड वाटतं. संस्कृत कोशकारांना मात्र तिथे पाणी दिसलं. त्यांनी कज्जलची फोड ‘कु’ आणि ‘जल’ अशी केली: वाईट पाणी, किंवा वाईट पाणी ज्यामुळे निघून जातं ते. ही फोड भाषाशास्त्राच्या तराजूत किती वजनाची आहे हा वेगळा विषय. असल्या व्युत्पत्ती पुष्कळदा शब्द तयार झाल्यावर मागाहून जोडलेल्या असतात. तरी मी ती हसण्यावारी नेणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात डोळ्यांची निगा सांगितली आहे. सौवीरांजन नावाचं डोळ्यांचं औषध रोज घालावं आणि पाच किंवा आठ रात्रींतून एकदा रसांजन हे दुसरं औषध घालावं, तेही स्रावणासाठी, म्हणजे डोळ्यांतून पाणी वाहून जावं म्हणून. डोळ्यांत काहीतरी झोंबरं घालून वाईट पाणी काढून टाकायचं, ही कल्पना त्या काळी रोजच्या व्यवहारातली होती. ज्यांनी ‘कु-जल’ अशी फोड केली, त्यांच्या डोळ्यांतून ते पाणी कधीतरी वाहिलेलं असणार.

जळ म्हणजे पाणी आणि जळ म्हणजे पेट. जल आणि ज्वल या दोन वेगळ्या मुळांचे मराठीत येऊन अगदी एकसारखे आवाज झाले. मराठी कवीला ही केवढी मोठी देणगी आहे. डोळ्यांतलं काजळ ओघळतं तेव्हा दोन्ही जळ एकत्र वाहतात. (ओघळ! हे मी भाचीला फोनवर सांगायला विसरले. यमक म्हणून जरा सैल आहे, पण डोळ्यांशी नातं असलेला शब्द तिला हवा होता ना.)

डोळ्यांत घालायच्या वस्तूचा काजळाहून जुना आणि भारदस्त शब्द म्हणजे अंजन. त्याचं मूळ ‘अञ्ज्’, म्हणजे माखणे, चोपडणे, लेप देणे. लॅटिनमधला मलमासाठीचा शब्द याच कुळातला मानतात. या एका धातूच्या लेकीबाळी मराठीत कुठे कुठे नांदतायत हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. अंगाला तेल माखायचं ते अभ्यंग. व्याकरणातलं व्यंजन. साहित्यशास्त्रातली व्यंजना. आणि व्यक्त, अभिव्यक्ती, चक्क व्यक्तीसुद्धा. ‘वि’ लागून अञ्ज् म्हणजे माखून उठावदार करणे, स्पष्ट दिसेल असं करणे. तांब्याच्या भांड्यावरून तेलाचं बोट फिरवलं की नक्षी वर येते, तसं जे वर आलं, डोळ्यांत भरलं, ते व्यक्त. त्या अर्थानं प्रत्येक व्यक्ती म्हणजे कुणीतरी अंजन घालून उठावदार केलेली रेघ. मला व्यक्ती हा शब्द कायम सरकारी, अर्जातला वाटत आला होता. आता तसा वाटणार नाही.

उलट्या बाजूनं निरंजन. अंजन नसलेला, डाग नसलेला, निर्मळ. नाथपंथी ‘अलख निरंजन’ म्हणतात तो हा. आणि आपण ज्यात फुलवात लावतो ते निरांजन मात्र वेगळ्या घरातून आलंय. ते नीराजन, ओवाळणे, यावरून. दोघांच्या नावात एका कान्याचा फरक, त्यामुळे बोलताना ती सर्रास एक होतात. मला या गोंधळाचा राग येत नाही. ज्याच्या ज्योतीवर काजळ धरतात, त्या दिव्याचं नाव काजळरहित देवाच्या नावात मिसळून जावं, यात कुणाचं काय बिघडलं?

अंजनाचा उपदेश झाला आणि काजळाचा शृंगार झाला, हीही बघण्यासारखी वाटणी. ‘डोळ्यांत अंजन घालणे’ म्हणजे चूक दाखवणे, जागं करणे. ते अंजन झणझणीतही असतं. काजळ कधीच झणझणीत नसतं. कुणी कुणाच्या डोळ्यांत काजळ घालून त्याला शहाणं करत नाही. पूर्वी दोन्ही पदार्थ शेजारच्या डब्यांतले होते. शब्दांनी आपापल्या वाटा धरल्या.

याहून मोठी वाटणी झाली ती काजळ आणि शाईची. शिवमहिम्न स्तोत्रात एक कल्पना आहे, पुष्कळांना ती पाठ असते: काळ्या पर्वताएवढं कज्जल सागराच्या दौतीत कालवलं, कल्पवृक्षाच्या फांदीची लेखणी केली आणि पृथ्वीचा कागद करून शारदा सदासर्वकाळ लिहीत बसली, तरी देवाचे गुण लिहून संपायचे नाहीत. लहानपणी ‘कज्जलं सिन्धुपात्रे’ म्हणताना मी डोळ्यांसमोर काजळाची डबीच आणायची आणि समुद्रात ती कशाला, असा प्रश्न पडायचा. तिथे कज्जल म्हणजे शाईची काजळी. पोथ्या लिहायची काळी शाई दिव्याच्या काजळीला डिंकाच्या पाण्यात खलून करत. काजळ एरंडेलात घोटलं की डोळ्यांत, डिंकात घोटलं की पानावर. शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्यांतली अक्षरं आजही काळीभोर दिसतात, कारण कार्बन हा रंग म्हणून उडून जात नाही.

पुढे आपण शाई हा शब्द घेतला. तो फारसीतल्या स्याहीवरून आला आणि स्याही म्हणजे काळेपणा. मग निळी शाई, लाल शाई म्हणताना आपण निळा काळेपणा, लाल काळेपणा म्हणतो. शब्द आपलं मूळ विसरला म्हणूनच ते शक्य झालं. काजळ विसरलं नाही. ‘निळं काजळ’ दुकानात मिळतं, मी वापरूनही पाहिलंय, पण ते म्हणताना जीभ अजून अडते. काजळ म्हटलं की काळंच.

आणि तेच काजळ जागा बदललं की काजळी होतं. ताटलीवर धरलं ते काजळ, कंदिलाच्या काचेवर धरली ती काजळी. नुसता एक ईकार लागला आणि हवीशी वस्तू पुसून टाकायची वस्तू झाली. वात नीट कापली नाही की दिवा काजळतो. संध्याकाळचं आभाळ काजळतं. मन काजळतं. पारा आणि गंधक एकत्र खलून जी काळी भुकटी होते तिला रसशास्त्रात कज्जली म्हणतात, तिच्यात काजळाचा कणही नसतो, नुसता रंग उसना. डोळ्याच्या कडेला रेघ म्हणून बसलेला कण शोभा असतो आणि तोच चार बोटं खाली गालावर उतरला की म्हणतात, “अगं, काजळ पसरलंय तुझं.” तोंडाला काळं फासणं ही शिक्षा, डोळ्यांत काळं घालणं हा साज. वस्तू एकच, ती कुठे बसली यावर तिचं नाव आणि तिची लायकी ठरते. मला या शब्दात सर्वांत जास्त हेच भावतं.

गालबोट याचं उत्तम उदाहरण. बाळाच्या गालावर काजळाचं बोट टेकवायचं ते दृष्ट लागू नये म्हणून, म्हणजे मुळात रक्षण करणारा ठिपका. आज वर्तमानपत्रात ‘सोहळ्याला गालबोट लागले’ छापून येतं तेव्हा त्याचा अर्थ सोहळा बिघडला. माया गळून गेली, डाग तेवढा राहिला. मला ही बातमी वाचताना दर वेळी त्या ठिपक्याची बाजू घ्यावीशी वाटते.

काजळीबद्दल आणखी एक. माझी एक मैत्रीण फोनवर घाईघाईनं टाइप करते. मागच्या वर्षी मी आजारी असताना तिचा निरोप आला, “काजळी घे.” काळजी लिहिताना ज आणि ळ यांनी जागा बदलल्या होत्या. तापातही मी त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. काळजी आणि काजळी, अक्षरं तीच. काळजी करून करून माणसावर जी चढते तिला दुसरं काय म्हणणार? तिचा तो निरोप मी पुसलेला नाही.

काजळाच्या परदेशी भावंडांविषयी थोडक्यात. अरबी कुह्ल हे डोळ्यांत घालायच्या बारीक काळ्या पुडीचं नाव, त्यावरून इंग्रजीतलं कोल. त्याला ‘अल’ हा अरबी उपपद लागून युरोपात जो शब्द गेला त्याचा अर्थ आधी ‘अतिशय बारीक पूड’, मग ‘कोणत्याही पदार्थाचा काढलेला अर्क’, आणि शेवटी दारूतला अर्क असा घसरत गेला. अल्कोहोल तो हाच. मस्काराचं नातं मुखवट्याच्या शब्दाशी लावतात. कॉस्मेटिकच्या मुळाशी ग्रीक कॉसमॉस, ज्याचा अर्थ सुव्यवस्था, मांडणी, सजावट, आणि नंतर अख्खं विश्व. प्राचीन इजिप्तमध्ये डोळ्यांभोवती लावायच्या काळ्या लेपात गॅलिना नावाचं खनिज असे, म्हणजे शिशाचं सल्फाइड. काही सुरम्यांत ते आजही सापडतं, आणि शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं, म्हणून डॉक्टर तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काही घालू नका म्हणून सांगतात. दिव्याचं काजळ त्या जातीचं नाही, ते कार्बनच. तरी तान्ह्याच्या डोळ्यांत बोट घालायचं धाडस मी करत नाही.

आपला शब्दही बाहेर गेलाय. जर्मन बाई डोळ्यांच्या पेन्सिलीला काजालच म्हणते. मात्र ळ बरोबर गेला नाही. रोमन लिपीत त्याला बसायला जागाच नाही. आता पुडक्यावरचा तो रोमन शब्द वाचून मराठी मुलीही काजल म्हणायला लागल्यात. मुलीचं नाव काजल असतं हे मला मान्य आहे, ते नाव म्हणूनच आलं आणि त्या रूपात गोड आहे. काजळ नावाची मुलगी मी तरी पाहिलेली नाही. पण डोळ्यांतल्या वस्तूला काजल म्हटलं की मला चुकल्यासारखं होतं. तो ळ हजार-दीड हजार वर्षांच्या बोलण्यातून घडलाय. शिवाय त्याच्याशिवाय यमक तुटतं. काजल आणि उजळ, कसं जुळवायचं?

क्रियापदही बदलतंय. आजी काजळ ‘घालायची’. अंजन घालतात, काजळ घालतात, म्हणजे डोळ्याच्या आत, पापणीच्या ओल्या कडेवर. पेन्सिल आली तेव्हापासून आम्ही काजळ ‘लावतो’. लावणं पृष्ठभागावरचं असतं, पावडर लावतात, लिपस्टिक लावतात. आता न पसरणारं, पाण्यानं न जाणारं काजळ मिळतं. त्यातला काळा रंग बहुधा लोखंडाचा ऑक्साइड किंवा कारखान्यात केलेला कार्बन असतो, मेणात आणि तेलात बांधलेला. मी तेच वापरते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, दुपारपर्यंत डोळे नीट राहतात. फक्त त्याला घालण्याइतकं आत घेववत नाही.

रविवारी भाची घरी आली. कविता देऊन झाली होती. कुठलं यमक घेतलंस विचारलं तर “हस्तलिखित निघाल्यावर वाच” म्हणाली. मी तिला काजळ, पाजळ, उजळ सांगितलं, ज्योतीतल्या कणांचं सांगितलं. तिला यमकाचं पटलं, कणांचं मात्र खरं वाटेना. मग आम्ही दोघींनी काजळ धरायचं ठरवलं. विटा नव्हत्या, जाडजूड पुस्तकांचे दोन गठ्ठे ठेवावेत असं तिनं सुचवलं, ते मी साफ नाकारलं. शेवटी दोन स्टीलचे डबे, मध्ये पणती, वर आजीचीच ताटली. रात्रभर थांबायचा धीर नव्हता, तासाभरातच ती उलटवली.

रुपयाएवढं वर्तुळ जमलं होतं. तिनं फोनचा टॉर्च त्यावर मारला आणि तो उजेड तिथे नाहीसा झालेला बघत राहिली. मी नको म्हणायच्या आत तिचं बोट टेकलं. वर्तुळात बोटाच्या ठशाच्या बारीक रेघा उमटल्या, खालचं पितळ त्यांतून चमकलं.

“हे मघाशी उजेड होतं?”

“मघाशी.”

तिनं बोट डोळ्याकडे नेलं नाही. मेजावरचा एक कोरा कागद ओढला आणि त्या बोटानं लिहायला लागली. ‘का’ काळाकुट्ट उमटला, ‘ज’ जरा पुसट, आणि ‘ळ’च्या दुसऱ्या वेटोळ्यापाशी बोटावरची काजळी संपली. ती परत ताटलीकडे वळली.